तितूरकाठी संरक्षक भिंत बांधावी की नाही? ग्रामसभेआधी मत हवं आहे

तितूरकाठची :

नमस्कार. चाळीसगाव तालुक्यात तितूरच्या काठावर आमचं लहानसं गाव आहे, मी तिथं ग्रामपंचायत सदस्य आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा आराखडा पक्का व्हायचाय. गावाचं म्हणणं एकच : नदीकडेनं संरक्षक भिंत बांधा. दोन वर्षं मीही हेच म्हणत होते. आता मन तयार होत नाही, पण का होत नाही ते चारचौघांत मांडता येत नाही, म्हणून इथं विचारते.

आधी आमच्यावर काय बेतलं ते सांगते. २०२१ ची गोकुळाष्टमी ३० ऑगस्टला होती. मंदिरात बारा वाजता पाळणा झाला, सुंठवडा घेतला, घरी येऊन पडलो. पाऊस होता, पण पाहून धडकी भरावी असा नव्हता. वर कन्नड घाटाच्या अंगाला काय कोसळत होतं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. पहाटे सासऱ्यांना गोठ्यातून घुंगरांचा आवाज आला. बैल जागच्या जागी पाय उचलत होते. ते दाराशी गेले तर अंगणात घोट्याइतकं पाणी. "उठा रे, पानी उनं!" एवढंच ते ओरडले. एक बैल सुटला. दुसऱ्याच्या दाव्याची गाठ पाण्यानं फुगून दगडासारखी झाली होती. आमचे मालक दातांनी ओढत होते, मी चुलीजवळ विळा शोधत होते. अंधारात हाताला परात लागली, पाटा लागला, विळा लागेना. सापडला तोवर पाणी कमरेच्या वर चढलं होतं आणि मालकांना दावं सोडावं लागलं. एक बैल आणि दोन गायी गेल्या. पोळा सहा दिवसांवर होता. नवी झूल खुंटीला तशीच लटकत राहिली.

आमच्या गल्लीत माणूस एकही दगावलं नाही. ते कशामुळे, हे मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. शेजारच्या घरात एक म्हातारी एकटी राहते. घर धाब्याचं, भिंती मातीच्या. ती पुढच्या पडवीत नाही, मागच्या खोलीत झोपते हे शेजारच्या पोराला माहीत होतं, कारण रोज सकाळी तोच तिला दूध देतो. त्यानं सरळ मागची खिडकी काढली आणि तिला पाठीवर घेतलं. थोड्याच वेळात मागची भिंत बसली.

पूर दुपारी ओसरला. नळाला पाणी मात्र नवव्या दिवशी आलं. पाणीपुरवठ्याची विहीर नदीच्या कडेला, मोटारीची पॅनेल पेटी विहिरीच्या कठड्याला, डीपी उतारावर. तिन्ही एकाच पाण्यात गेली. नऊ दिवस बायका गाळात पाय रोवत मळ्यांतून पाणी आणत होत्या आणि घरोघरी पोरांना जुलाब.

भिंतीच्या अंदाजपत्रकात आमचा तीन-चार वर्षांचा निधी जातो. ती झाली की दुसरं काही होणार नाही. आपत्ती सोसून लवकर सावरणारं गाव कसं घडतं यावर जगात पुष्कळ अभ्यास झालाय असं वाचलं. त्यातलं दीड हजार वस्तीच्या गावाला उपयोगी पडेल असं काय आहे?


पांझराकाठ :

ताई, पाटबंधारे खात्यात माझी बत्तीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच पांझरा आणि बोरीच्या खोऱ्यात. भिंती मी स्वतः उभ्या राहून बांधून घेतल्यात, तेव्हा भिंतीशी माझं वैर नाही.

पहिला प्रश्न असा विचारा की ही भिंत कोणत्या पुरासाठी आहे? आपल्याकडे पूररेषा दोन. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं, एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं. निळ्या रेषेचा पूर दर वर्षी शंभरात चार या हिशोबानं येऊ शकतो. गणित मांडलं तर पंचवीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. लाल रेषेचा पूरसुद्धा तीस वर्षांत येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्तच. निळ्या रेषेच्या उंचीची भिंत बांधली आणि तिच्या भरवशावर लोकांनी नदीकडे आणखी चार खोल्या काढल्या, तर भिंतीवरून पाणी येईल त्या दिवशी नुकसान आधीपेक्षा मोठं होईल. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं १९४० च्या दशकातच हे लिहून ठेवलंय, आणि मी माझ्या नोकरीत ते दोनदा पाहिलंय.

दुसरं, गावातलं पाणी. शिवारातून गावात उतरणारे नाले आज नदीला मिळतात. भिंत झाली की ते भिंतीच्या आत तुंबणार. त्यांना झडपा ठेवाव्या लागतात, आणि झडप दर वर्षी मे महिन्यात कुणी तेल घालून फिरवली नाही तर ती गंजून बसते.

आता मला खरं ते सांगा. गावाच्या खालच्या अंगाला फरशी, म्हणजे नदीवरचा नळ्यांचा बुटका पूल, आहे ना? तिच्या नळ्यांत त्या दिवशी काय अडकलं होतं? माझा अंदाज, बाभळीची झाडं, रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांचे गुंडाळे. नळ्या बुजल्या की फरशी फरशी राहत नाही, तिचा बंधारा होतो आणि तेच पाणी उलट गावात फुगतं. तसं झालं असेल तर नळ्या काढून तिथं मोठ्या गाळ्याची बॉक्स मोरी टाकणं भिंतीपेक्षा जास्त कामाचं. जुनी माणसं गाठा, त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं ती खूण प्रत्येक घराच्या भिंतीवर दाखवायला सांगा आणि ऑइलपेंटनं रेघ मारा. वेळही लिहा. फरशीच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या रेघांत मोठा फरक निघाला, तर दोषी कोण ते कळेल. हे काम कुठल्याही इंजिनिअरच्या आधी गाव करू शकतं.

आणखी एक, आपल्या खान्देशातलं. पांझरेवरची फड पद्धत, म्हणजे नदीवर बंधारा घालून गावानं मिळून शेताला पाणी वाटायची रीत, तीनशे वर्षांहून जुनी आहे. ते दगडी बंधारे एवढे का टिकले? उंची बेताची, पूर आला की डोक्यावरून जाऊ द्यायचा, ही एक गोष्ट. पण माझ्या मते मोठी गोष्ट ही, की पाटाचा गाळ काढायला, बंधाऱ्याचे दगड बसवायला प्रत्येक फडकऱ्यानं राबायचं हे ठरलेलं होतं आणि पाणी वाटायला गावानं नेमलेला पाटकरी होता. जिथं ही माणसांची घडी मोडली तिथं बंधारा शाबूत असूनही पाट बुजले. अंदाजपत्रकात सिमेंट लिहिता तसं दर मे महिन्यात कोण राबणार तेही लिहा.


खालची गल्ली :

वरच्या उत्तराबद्दल आदर आहे, पण एक बोलतो. मी ताईंच्या गावचा नाही, दुसऱ्या नदीच्या काठचा आहे. आमच्याकडे निळ्या रेषेच्या आत बावीस घरं आहेत. सगळी मजुरांची. गावठाणात वर जागा नव्हती म्हणून आमचे आजे तिथं राहिले, हौसेनं नाही. सभेत भिंत नको असं ठरतं तेव्हा ज्यांची घरं वर आहेत ते मान डोलावतात. पुढच्या पुरात आम्ही पुन्हा पोरं डोक्यावर घेऊन शाळेत जातो. भिंत नको तर आमचं काय, ते त्याच सभेत, त्याच कागदावर लिहा. वर दोन गुंठे जागा आणि घरकुल, नाहीतर भिंत. तिसरं उत्तर आम्हाला पटत नाही.


अमळनेर ते पुणे :

ताई, मी स्थापत्य शाखेत याच विषयावर काम करतो. घर अमळनेरला, बोरी नदीच्या हाकेच्या अंतरावर. तुमच्या प्रश्नात अर्धं उत्तर आहे : पूर एका दुपारीत ओसरला, पाणी नवव्या दिवशी आलं. आमच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत याच दोन आकड्यांमधल्या अंतराचा अभ्यास चाललाय. तडाखा किती बसला हे एक आणि नीट व्हायला किती दिवस लागले हे दुसरं. हे दुसरं बहुतेक करून एका गोष्टीवर ठरतं : कोणती वस्तू कोणत्या वस्तूवर अवलंबून आहे. डीपी बुडाली म्हणून मोटार बंद, मोटार बंद म्हणून नळ बंद, नळ बंद म्हणून जुलाब, रस्ता वाहून गेला म्हणून डॉक्टर नाही. ही साखळी गावच्या नकाशावर एकदा बसून काढा. जिथं तीन दोऱ्या एकाच खुंटीला बांधलेल्या दिसतील ती खुंटी आधी उचला. तुमच्याकडे ती खुंटी विहिरीच्या कठड्यावरची पॅनेल पेटी आहे. पुराच्या खुणेपेक्षा तीन-चार फूट वर ओटा बांधून पेटी तिथं नेणं आणि डीपी चढावर हलवणं, याला भिंतीच्या खर्चाचा लहानसा तुकडा पुरेल.

अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या पैशावर याचं एक मोठं केंद्र सुरू झालं. त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातलं लंबरटन हे गरीब वस्तीचं छोटं शहर धरलं आणि २०१६ च्या मॅथ्यू वादळानंतर तिथं पुन:पुन्हा जाऊन घरोघरी विचारलं : घरी कधी परतलात, काम कधी सुरू झालं, पोरांची शाळा कधी उघडली. लंबरटनला पूरबांध होता. पण महामार्गाच्या पुलाखालून रेल्वेचे रूळ जातात तिथं त्या बांधात खिंड होती. २०१६ ला पाणी त्या खिंडीतून शहरात शिरलं. दोन वर्षांनी फ्लॉरेन्स वादळ आलं, घाईघाईनं वाळूची पोती रचली, तरी पाणी पुन्हा तिथूनच आलं. भिंतीच्या नकाशात खिंड कुठे राहते हे तुमच्या सभेत विचारायला हवं. घाटाची पायरी, गुरांची वाट, स्मशानाचा रस्ता, यांतलं काहीतरी उघडं राहतंच.

दूध देणाऱ्या पोराची गोष्ट तुम्ही सहज लिहिलीत, पण या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. जानेवारी १९९५ मध्ये जपानच्या कोबेत भूकंप झाला, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं होतं, कारण कोण कुठल्या खोलीत झोपतं ते त्यांनाच माहीत होतं. त्याच वर्षी जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं मेली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञानं शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या ताडून पाहिल्या. जिथं दुकानं चालू, रस्त्यावर वर्दळ, म्हातारी माणसं बाहेर पडतात, तिथं मृत्यू कितीतरी कमी. पलीकडे ओस पडलेल्या वस्तीत एकटी माणसं बंद दाराआड गेली. भुसावळ-जळगावचा मे महिना अंगावर काढणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र शेजारानं सुटणारी नाही. तुमचा पाऊस तुमच्या जिल्ह्यात पडत नाही. घाटावर पडतो, म्हणजे संभाजीनगर जिल्ह्यात. आपल्याकडे इशारा जिल्ह्याच्या हद्दीनं फिरतो, नदीला हद्द नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण वरच्या मंडळातला तो आकडा तुमच्यापर्यंत रात्री दोन वाजता कोण पोचवणार? घाटमाथ्यावरच्या दोन-तीन गावांत ओळख काढा. पोलीस पाटील, दूध संकलनवाला, रात्रपाळीचा पेट्रोल पंपावरचा माणूस, कुणीही जो जागा असतो. त्याच्या फोनवरून तुमच्या फोनवर एक वाक्य आलं असतं तर विळा शोधायला वेळ मिळाला असता.


केळीवाला, यावल :

आमचं संकट पाण्याचं नाही, वाऱ्याचं. पण साखळीचं वाचून राहवलं नाही. मे अखेरीस वादळ आलं की केळीची बाग अर्ध्या तासात आडवी होते. घड भरलेला, खोड पाण्यानं मऊ, मूळ उथळ. ज्याचा बांध शेवरीनं भरलेला त्याची कडेची ओळ तरी उभी राहते, ज्यानं चार फुटांसाठी शेवरी तोडली त्याची जात नाही असं मी पाहिलेलं नाही. पण सांगायचंय ते पुढचं. मागच्या वादळात माझी तिसरा हिस्सा बाग पडली. उरलेली दोन हिस्से उभी होती, ती मी नंतर गमावली. विजेचे खांब पडले, अकरा दिवस मोटार बंद, वर पंचेचाळीस अंश ऊन. केळी उभ्या उभ्या करपली. पंचनाम्यात वादळानं किती पडली ते आलं, पाण्यावाचून गेली ती कुठल्याच रकान्यात बसली नाही.

त्यानंतर आम्ही शिवारातल्या सात जणांनी मिळून ट्रॅक्टरवर चालणारा एक जनरेटर घेतला. पाळी लावली आहे, दोन-दोन तास, पहिल्यांदा लहान बागेला. पाळी लिहिलेला कागद माझ्या पंपघरात चिकटवलेला आहे. पाळीवरून भांडण होईल असं वाटलं होतं. वादळाआधी पाळी ठरली म्हणून झालं नाही. तुमच्या नळाच्या विहिरीलाही असा ट्रॅक्टर जोडता येतो, वायरमनकडून पेटीला तशी जोडणी आधीच करून घ्या. पूर आल्यावर वायरमन येत नाही.


अंगणवाडीताई, शहादा :

ताई, याद्या करा म्हणणारे खूप भेटतील. मी याद्या ठेवते म्हणून सांगते, यादी तीन महिन्यांत जुनी होते. गरोदर बाई बाळंतपणाला माहेरी जाते, म्हातारा लेकीकडे जातो, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब परत येतं. म्हणून यादी कुणा एकाच्या कपाटात ठेवू नका. दहा-बारा घरांमागे एक बाई धरा, जी तशीही रोज त्या घरांत डोकावते. तिला तोंडपाठ असतं.

दुसरं, भोंगा वाजला की बाईनं कुणाला विचारायचं? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात सव्वा लाखावर माणसं गेली, त्यात बाया पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. घरधनी येईल, मग निघू, म्हणून पोरं धरून त्या बसून राहिल्या. आता तिथं स्वयंसेवकांची संख्या पाऊण लाखावर आहे, त्यात बायांना मुद्दाम घेतलंय, कारण दारात बाई येऊन "चल" म्हणाली तर बाई निघते. मंदिराचा भोंगा बॅटरीवर चालतो का तेही तपासा. पुराच्या रात्री वीज पहिली जाते.


तितूरकाठची :

सगळ्यांची मनापासून ऋणी आहे. हे सगळं मी परवा बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं.

आबा, फरशीचं तुम्ही बोललात तसंच निघालं. रविवारी आम्ही रेघा मारायला निघालो. वीस-पंचवीस बाया, शाळेतली पोरं, हिरव्या ऑइलपेंटचा एक डबा. मारुतीच्या देवळापासून फरशीपर्यंत एकोणचाळीस घरांवर रेघा आल्या. फरशीच्या वरच्या अंगाला पाणी माझ्या छातीपर्यंत होतं, खालच्या अंगाला, शंभर पावलांवर, मांडीपर्यंतसुद्धा नाही. पोरांनी दोरी आणि पाण्याची नळी धरून लेव्हल काढली, फरक साडेतीन फूट भरला. भिंतीसाठी सगळ्यांत मोठ्यानं बोलणारे आमचे एक नाना तिथं बराच वेळ उभे होते. "एवढं पानी आपणच आडवलं का?" असं म्हणाले आणि पोराच्या हातातला ब्रश घेऊन पुढची रेघ त्यांनी मारली.

खालच्या गल्लीच्या दादांचं बोलणं मला लागलं. आमच्याकडेही नदीकडेला नऊ घरं आहेत आणि आजवर मी त्यांना धरून विचार केला नव्हता. त्यांच्या पुढ्यात काठ तुटत चाललाय. तेवढ्या वळणावर जाळीतल्या दगडांची पिचिंग आणि गावठाणाला लागून जी पडीक जागा आहे तिथं नऊ प्लॉट, असा ठराव मी लिहिलाय. दोन्ही एकाच ठरावात. प्लॉट मागे पडले तर पिचिंगही पुढे जाणार नाही अशी अट घातली आहे, म्हणजे कुणाला विसरता येणार नाही. दादा, तुम्ही तो वाचून काही सुटलंय का सांगाल?

पेटीचा ओटा आणि डीपी हलवणं पहिल्या वर्षात. ट्रॅक्टरची जोडणी पेटी हलवतानाच करून घेणार. बॉक्स मोरीला जिल्हा परिषदेकडून पैसे लागतील, त्याला रेघांचे फोटो जोडतेय. मंदिराच्या भोंग्याला बॅटरी बचत गट घेऊन देतोय.

घाटावरचा माणूसही मिळाला. आमच्या जाऊबाईंची मावसबहीण तिकडे कन्नड तालुक्यात दिली आहे, तिचे मालक दूध डेअरीवर पहाटे तीनला उठतात. पत्र्याच्या सरळ डब्यात पट्टी उभी करून ते पाऊस मोजायला तयार झालेत. पाणी तिथून आमच्यापर्यंत यायला किती वेळ लागतो ते अजून नक्की सांगता येत नाही. सासरे म्हणतात अडीच तास, नाना म्हणतात दोन. येत्या पावसाळ्यात प्रत्येक वेळी दोन्हीकडच्या वेळा वहीत लिहायच्या ठरवल्यात. वहीचं पहिलं पान मी आखून ठेवलंय : तारीख, डब्यातलं पाणी, फोन किती वाजता आला, फरशीला पाणी किती वाजता लागलं.

आबा, एकच विचारायचं राहिलं. पेटीचा ओटा रेघेच्या तीन फूट वर घ्यावा की चार? गवंडी सोमवारी येतोय.


पांझराकाठ :

चार घ्या. आणि वर चढायला लोखंडी शिडी नको, दगडी पायऱ्या करा. पुराच्या पाण्यात पाय ठरला पाहिजे.